टीव्हीवरचे लूम

आज सकाळी भीमाबाय दारात वालाच्या शेंगांची पिशवी टाकून गेली. टाकून म्हणजे खरंच टाकून. बसायला तयार नाही, चहा नको, पाणी नको. "जीप सुटंल भाभी, दिघाशीला दुसरी कवा मिलंल काय ठावं न्हाय," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा. मी पिशवीचं तोंड उघडलं आणि तो वास आला. हिरवा, किंचित उग्र, अजून दंव न सुकलेला. मी तिथेच वरच्या पायरीवर बसले. आत यांचा टीव्ही चालू होता. चित्र चालू, आवाज नाही. वालाचा वास आणि मुका टीव्ही, दोन्ही एकाच वेळी वाट्याला आले की मी काही कामाची राहत नाही.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षं झाली. पण थंडी पडली, शेंगा आल्या, की तो हंगाम असा न विचारता घरात शिरतो आणि ठाण मांडून बसतो. त्याला हाकलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर हाकलावंसंही वाटत नाही.

आम्ही निजामपुऱ्यातली माणसं. खाली कारखाना, वर घर. माझ्या सासऱ्यांनी घातलेले कापड विणायचे लूम, पुढे यांनी चालवलेले. जमीन थरथरायची, फडताळातल्या कपबशा दिवसभर किणकिणायच्या, पाण्याच्या पेल्यात बारीक वलयं उठायची. आमच्या गल्लीतली तान्ही पोरं लूमच्या खटखटीत गाढ झोपतात आणि लाइट गेली, लूम थांबले, की दचकून रडायला लागतात. मी खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन आले, तेव्हा पहिले काही दिवस सासूबाईंना वाटलं, सून मुकी आहे. मी बिचारी बोलत होते, पण ऐकू कुणाला जाणार? वर्षभरात माझाही आवाज असा काही फुटला, की पुढे मराठी शाळेत शिकवायला लागले तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पहिल्याच हाकेला ताठ बसायची. आमच्या घरात प्रेमाचं, रागाचं, मिठाचं, मयताचं, सगळं बोलणं एकाच पट्टीत. वरच्या.

शुक्रवार तेवढा वेगळा. जुम्म्याच्या दिवशी दुपारी कारखाना बंद, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू. सासऱ्यांनी घालून दिलेला नेम. माल अडला असो, व्यापारी दारात उभा असो, नेम मोडायचा नाही. आणि मेन स्विच हे स्वतःच्या हातानं खाली ओढायचे. मुकादमाला हात लावू द्यायचे नाहीत. एक हात वर करून खट्कन स्विच ओढायचे आणि ओरडायचे, "सुट्टी!" मग लूम हळूहळू दमत थांबायचे. हे एकेका लूमवरून हात फिरवून, नमाजेला जाऊन, मग वर जेवायला यायचे. त्या शांततेतही आम्ही सवयीनं ओरडूनच बोलायचो. "भात वाढू का?" असं मी विचारलं की समोरच्या खिडकीतून उत्तर यायचं, "वाढ गं, विचारतेस काय!"

मग यांची छाती धरली. आधी सकाळचा खोकला, मग जिना चढताना मध्येच कठड्याला टेकणं, मग बसल्या जागी धाप. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "चाचा, आयुष्यभर कापसाची धूळ खाल्लीत. हा हिवाळा लूमपासून लांब काढा. मोकळ्या हवेत. नाहीतर मी काही बोलत नाही." डॉक्टर काही बोलत नाही म्हणतो, तेव्हा सगळंच बोलून झालेलं असतं. घर तर कारखान्याच्या डोक्यावर. नातेवाइकांकडे चला म्हटलं, तर यांचं उत्तर तयार. "दुसऱ्याच्या घरी जाऊन खोकायचं? मी नाय येणार."

तोडगा काढला आमच्या सलीमनं. सलीम म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. कापडाचे तागे वाहणारा आमचा जुना टेम्पो होता, तो त्यानं कशेळीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेला आणि परत आणला तेव्हा त्याला खिडक्या फुटल्या होत्या. आत पलंग, छोटा ओटा, गॅस, मागे पडदा लावून मोरी, टपावर सोलर पॅनल आणि पलंगाखाली बॅटरी. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "भाभी, आता तुम्ही हिरोईन! वॅनिटी व्हॅन आली तुमची!" मी वरवर हसले, पण आतून, खोटं कशाला बोलू, हरखले होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघं कुठे राहायला म्हणून गेलो नव्हतो. लूम कोण बघणार? आता आजारपणानं का होईना, एक अख्खा हिवाळा आमच्या दोघांचा होणार होता.

गाडी लावली भीमाबायच्या शेतात. भीमाबाय दिघाशीची. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या दाराशी टोपली घेऊन येणारी. पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत वाल, उन्हाळ्यात करवंदं. भात कापून झाला होता, पेंढा रचून ठेवला होता, उरलेल्या ओलीवर वाल टाकला होता. शेताच्या कडेला एक आंब्याचं झाड, त्याखाली आमची गाडी. विजेचा खांब पार लांब. दक्षिणेकडे क्षितिजाला पांढऱ्या पत्र्यांची रांग दिसायची, ती गोदामं. भीमाबाय त्यांच्याकडे हात करून म्हणायची, "ती येतायत हळूहळू. आमच्यापरत यायला टाइम हाय अजून."

पहिल्या सकाळी मी गाडीचं दार उघडलं आणि दचकलेच. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मग हळूहळू यायला लागलं. पेंढ्यात काहीतरी खसफसत होतं, लांब कुणीतरी बैलाला हाक मारत होतं, पानावरून दंव पडत होतं. हे पलंगावर उठून बसले होते, तोंड उतरलेलं.

"झोप नाय लागली," म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. झाडावरचे बगळे उडाले.

"का? थंडी होती का?"

"आवाज नाय ना कसला! माणूस झोपणार कसा?"

आणि तिथून सुरू झाली टीव्हीची गोष्ट.

सलीमनं गाडीत टीव्ही बसवलाच होता, टपावर छत्रीही दिली होती. पण ती छत्री कुठे वळवली की चित्र येतं, ते कोण शोधणार? यांना वर चढायची बंदी. मग साठी गाठलेली मी, ओढणी कमरेला खोचून शिडीवर. खालून यांच्या सूचना.

"उजवीकडं! जरा उजवीकडं!"

"उजवीकडं म्हणजे तुमच्या का माझ्या?"

"टीव्हीच्या!"

"टीव्हीला कुठं उजवं-डावं असतं? या अल्ला, नीट सांगा ना!"

"आला! आला! आता हलू नको... गेला! कशाला हललीस?"

"शिंक आली तर शिंकू पण नको का!"

बांधावर भीमाबाय पोट धरून हसत होती. शेवटी चित्र आलं ते मी कंटाळून छत्रीला एक चापट मारली तेव्हा.

इंटरनेटचं त्याहून अवघड. शेतात फोनला रेंज नाही, बांधावर चढलं की एक काडी यायची, आंब्याच्या फांदीपाशी हात उंच केला की दोन. मग सलीमनं एका रविवारी येऊन लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला रेंज पकडणारं ते छोटं यंत्र बांधलं, दंव लागू नये म्हणून माझा चपात्यांचा प्लास्टिकचा डबा त्यावर उपडा घातला आणि बांबू फांदीला आवळला. वारा आला की डबा डुलायचा, की इकडे चित्र अडकायचं. मी दिवसातून कितीदा तरी मान वर करून डब्याकडे बघायची. चपात्या फडक्यात गुंडाळून ठेवायला लागल्या, ते वेगळंच.

एवढा खटाटोप कशासाठी, तर यांना बातम्या बघायच्या नव्हत्या, सिनेमा नको होता. कारखान्यात कॅमेरा होता, चोरीच्या भीतीनं लावलेला. तो इंटरनेटवरून टीव्हीवर दिसायची सोय सलीमनं करून दिली. गाडीतल्या छोट्या पडद्यावर आमचे लूम उजळले, रांगेनं, वरच्या कोपऱ्यातून दिसावेत तसे. मधल्या बोळातून मुकादम फिरतोय, कामगार वाकून तुटलेला धागा जोडतोय. हे पलंगावर मांडी घालून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. माझा चपात्यांचा डबा बांबूवर चढला होता तो कशासाठी, ते मला आत्ता कळत होतं.

अडचण एकच, कॅमेऱ्याला आवाज नव्हता. इतकी वर्षं यांनी लूम डोळ्यांनी कधी बघितलेच नव्हते, कानांनी बघितले होते. मग ते सलीमला फोन लावायचे. "फोन सात नंबरजवळ धर. धर म्हणतो ना!" आणि डोळे मिटून ऐकायचे. "लंगडतोय. धोट्याची पेटी बघ त्याची." धोटा म्हणजे लूममध्ये उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन या टोकाचा त्या टोकाला पळतो तो. सलीम थोड्या वेळानं सांगायचा, "हां अब्बा, बरोबर, पेटी सैल होती." यांचा तो दिवस मग खुशीत जायचा. भूकसुद्धा लागायची. आणि फोन कानाला तसाच ठेवून, त्या खटखटीत, दुपारी यांना गाढ झोप लागायची.

संध्याकाळी भीमाबाय यायची, मालिका बघायला. गाडीच्या पायरीवर बसायची, हातात वालाच्या शेंगा, सोलता सोलता बघायची. पण बॅटरी तेवढीच. दिवसभर लूम बघितले की मालिकेच्या वेळी लाल दिवा. त्यात गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकची धूळ उडून पॅनलवर बसायची, ती मी रोज जुन्या ओढणीनं पुसायची.

"शेट," ती म्हणायची, "ह्ये काय बगता दिसभर? कोन बोलत न्हाय, भांडत न्हाय, रडत न्हाय. यान्ला काय मजा?"

"तुझ्या मालिकेत तरी काय होतं? तीच बाई रोज रडते."

"पन बोलते तरी!"

मी हसायची. ते दिवस चांगले होते. भीमाबायनं एकदा मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगांची पोपटी लावली, तिघांनी हात भाजून घेत खाल्ली. यांचा खोकला उतरणीला लागला होता. चालत बांधापर्यंत जाऊन यायचे. एके दिवशी ऊन कलताना आम्ही दोघं आंब्याखाली बसलो होतो, बॅटरी संपलेली, म्हणून टीव्ही बंद. मी शेंगा सोलत होते आणि सहज, कसं कोण जाणे, हळू आवाजात विचारलं, "शाल देऊ?" आणि हे तितक्याच हळू म्हणाले, "नको, बरं वाटतंय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि लाजलो. एवढी वर्षं संसार झाला, मुलगा झाला, आईवडील पोचवले, आणि आपल्या नवऱ्याचा हळू आवाज कसा आहे ते मला तेव्हा कळलं. जरा घोगरा आहे. तरुण असताना कसा असेल, हे आता कधीच कळायचं नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं, आता आपण बोलू. जे ओरडून सांगता येत नाही ते सगळं. अजून हंगाम पडलाय पुढे, शेंगासुद्धा भरायच्या आहेत.

पुढच्या आठवड्यात टीव्हीवरचं चित्र गेलं. सलीमचा फोन आला, कॅमेरा बिघडलाय, नवा बसवतोय. दोन दिवस यांनी जेवणात लक्ष दिलं नाही. मग सलीमनं फोनवर नवी लिंक पाठवली आणि लूम परत दिसायला लागले. आधी चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसायची, ती आता नव्हती. मी विचारलं तर सलीम म्हणाला, "सेटिंगचं आहे अम्मी, करतो." फोन लूमजवळ धर म्हटलं, की त्याचा फोन नेमका कटायचा, नाहीतर तो बाहेर असायचा. मी डब्याला शिव्या दिल्या.

मग शुक्रवार आला. नवी लिंक आल्यानंतरचा पहिलाच. यांना एवढ्या लांब जुम्म्याच्या नमाजेला जाता येत नव्हतं, म्हणून गाडीच्या सावलीत चटई अंथरून दुपारची नमाज पढले, सावकाश उठले आणि आत येऊन पलंगावर बसले. मी भात वाढत होते. टीव्ही चालू होता. आणि टीव्हीत लूम चालू होते.

जुम्म्याच्या दुपारी. सगळे. मुकादम फिरतोय, कामगार वाकलाय, धोटे पळतायत.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. पहिला विचार आला तो असा, की सलीमनं आजोबांचा नेम मोडला, आता हे आभाळ डोक्यावर घेणार. मी यांच्याकडे बघितलं. हे पडद्याकडे बघत होते. बराच वेळ. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फोन मागितला नाही. मग ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "वाढ."

जेवण झाल्यावर मी फोन घेऊन बांधावर गेले, आंब्यापासून लांब. सलीमला म्हटलं, "आज कारखाना चालू कसा?" तो रडायलाच लागला. मोठा बाप्या, दाढीवाला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा. "अम्मी, विकले. सगळे लूम विकले. भंगारवाला तोडून घेऊन गेला. तो व्हिडिओ आहे आधी काढून ठेवलेला, तोच परत परत लावतोय. जुम्म्याचं माझ्या लक्षातच आलं नाही."

"अरे, पण का?"

"डॉक्टर म्हणाले, परत धुळीत गेले तर वाचणार नाहीत. आणि लूम आहेत तोवर अब्बा खाली उतरणार नाहीत, असं होईल का? तू सांग! तिथंच त्यांना कळलं तर ते आजच पळत येतील. जरा श्वास सुधारू दे. घरी आले की मी स्वतः पाय धरून सांगीन. तू बोलू नकोस अम्मी, तुला माझी कसम."

त्याचं चुकलं म्हणावं तर बापाच्या जिवासाठीच केलं होतं. बरोबर म्हणावं तर बापाला अंधारात ठेवलं होतं. फडताळातल्या कपबशा आता किणकिणत नसतील, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. मी डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि गाडीकडे आले. हे टीव्हीसमोर होते.

यांना कळलं होतं का? मी आठवडाभर तोंड वाचत होते. एक गोष्ट मात्र झाली, यांनी सलीमला फोन लावणं सोडलं. सात नंबर लंगडतोय का, पेटी सैल आहे का, काही विचारलं नाही. नुसते बघत बसायचे. दुपारची झोपही गेली.

त्यातच भीमाबायनं एकदा बाँब टाकला. पायरीवर बसून शेंगा सोलता सोलता म्हणाली, "शेट, तो निल्या शर्टवाला मानूस बगा. रोज त्येच टायमाला त्याच जागी येतो न् खांद्याला नाक पुसतो. रोज! मी म्हंते, त्याचा शर्ट तरी कवा धुत असंल?"

मी यांच्याकडे बघितलं. आता?

हे अगदी शांतपणे म्हणाले, "कामगार आहे तो भीमाबाय. सवय असते एकेकाला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालिकेची वेळ झाली तिची. लाव तिला."

त्या दिवशी मला जवळजवळ खात्री झाली. आणि पुढच्या शुक्रवारी उरलीसुरली शंकाही गेली. दुपार व्हायच्या आधीच हे उठले, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"बॅटरी उतरलीय," म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. पॅनल मी सकाळीच पुसलं होतं. हिरवा दिवा माझ्या डोळ्यांसमोर जळत होता. मी म्हटलं, "हो, उतरली असेल."

मग दर शुक्रवारी तेच. ऊन डोक्यावर, दिवा हिरवा, आणि बॅटरी उतरलेली. मुलाचं खोटं माझ्यासमोर उघडं पडू नये म्हणून बाप धडपडत होता, आणि मला माहीत आहे हे बापाला कळू नये म्हणून मी. त्या एवढ्याशा गाडीत, हात लांब केला तर हाताला हात लागेल एवढ्या जागेत, आम्ही दोघं एकच दुःख दोन बाजूंनी झाकत बसलो होतो. त्याची हळहळ मला आजही वाटते. लूम गेले त्याचं नाही एवढं. लोखंडच ते, कधीतरी जायचंच होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा आमच्याभोवती शांतता होती. हळू बोललं तर ऐकू जात होतं. एवढंच म्हणायचं होतं, "मला माहीत आहे हो. रडा." नाहीतर त्यांनी म्हणायचं होतं. सलीमची कसम होती, हे खरं. पण नुसती कसम नव्हती. आम्हाला ते जमलंच नाही. ओरडून बोलणाऱ्या माणसांना वाटतं आपण मनातलं सगळं बोलून टाकतो. कसलं काय! आमचं सगळं जायचं भाजीत मीठ किती, यावर.

रोज संध्याकाळी वाटायचं, आज. ऊन कलायचं, बगळे झाडावर यायचे, मी शेंगा घेऊन शेजारी बसायची. ते म्हणायचे, "यंदा वाल चांगला आलाय." मी म्हणायची, "हो, दाणा भरलाय." आणि भीमाबाय यायची मालिकेला.

वाल निघाला, शेत पिवळं पडलं, दुपारी पत्रा तापायला लागला. डॉक्टरांनी छाती तपासून पाठ थोपटली. आम्ही घरी आलो. कारखान्याचं शटर खाली होतं. यांनी त्याच्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. जिना चढताना कठड्यावर हात ठेवला आणि क्षणभर थांबले. धाप लागली म्हणून नव्हे. कठडा थरथरत नव्हता.

वर सलीम उभा होता, तोंड पांढरंफटक. "अब्बा, मला माफ करा," एवढंच म्हणाला. हे चप्पल काढत म्हणाले, "मुकादमाला कुठं लागलं काम?"

सलीम गोंधळला. "कशेळीला. गोदामात. बाकीचे काही गावाला गेले."

"बरं झालं. तिथं धूळ कमी." मग मला म्हणाले, "चहा टाक." संपलं. त्यावर या घरात पुन्हा शब्द निघाला नाही. सलीमनं नंतर मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "अब्बांना कधी कळलं?" मी म्हटलं, "आत्ता, शटर बघून." दुसरं काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत टीव्ही लागला. बघते तर तेच. लूम, मुकादम, निळ्या शर्टाचा माणूस. सलीम व्हिडिओ काढून टाकायला निघाला होता, म्हणाला, "त्यांना त्रास होईल अम्मी." मी म्हटलं, "राहू दे. हात लावू नकोस." तेव्हापासून तो रोज लागतो. खाली आता कुणाची तरी खोकी भरलेली असतात, घर थरथरत नाही, कपबशा गप्प असतात. यांची छाती छान आहे, जिना एका दमात चढतात. कान मात्र पार गेले. लूमनी जायच्या आधी जे घ्यायचं ते घेतलंच.

एवढं सगळं आठवेपर्यंत माझ्या शेंगा सोलून झाल्या. दाण्यांचं ताट घेऊन मी आत आले. बाहेर मशिदीतून अजान सुरू झाली. आज शुक्रवार.

हे घड्याळाकडे बघून उठले. रिमोट घेतला. आता घरात झाकायचं कुणापासून काही उरलेलं नाही. बॅटरीचं नाव सांगायला इथे बॅटरीही नाही. पण त्यांनी हात खांद्याच्या वर नेला, मेन स्विच ओढायचा तसा खाली आणला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"सुट्टी!" ते ओरडले.

मग पुढे होऊन पडद्यावरून एकदा हात फिरवला.

मी ताट खाली ठेवलं. त्यांच्या अगदी जवळ गेले, खांद्याला हात लावला आणि दिघाशीला एकदाच काढला होता त्या हळू आवाजात म्हटलं, "मला तेव्हाच कळलं होतं हो. पहिल्याच शुक्रवारी. तुम्हालाही कळलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. कानामागे हात धरला.

"काय? मोठ्यानं बोल!"

त्यांचे ते डोळे माझ्या ओठांवर होते, वाट बघत. मी दोनदा तोंड उघडलं. मग ओरडले, "वालाची आमटी करते म्हटलं!"

"कर, कर!" ते ओरडले. "मीठ बेतानं घाल!"